बाबा अकराव्या मिनिटाला का पळाले?

एक कोडं घालते. उत्तर लगेच ओरडायचं नाही, आधी नीट ऐकून घ्यायचं.

एक माणूस ब्याण्णव दिवस दारूला शिवत नाही. औषधं वेळेवर घेतो, सकाळी फिरायला जातो, वजनही चार किलोनं वाढतं. त्र्याण्णवाव्या दिवशी संध्याकाळी तो घरी येतो. घरात दारूचा थेंब नाही, पिणारं कुणी नाही. सगळे त्याची वाट बघत दारात उभे. आणि अकराव्या मिनिटाला त्याचे हात कापायला लागतात, चेहरा पांढराफटक पडतो, आणि तो चपला न घालताच रस्त्यावर पळत सुटतो. का बरं?

तो माणूस म्हणजे माझे बाबा. मिनिटं मी मोजलेली नाहीत. बाबांच्या मनगटावर व्यसनमुक्ती केंद्रानं बांधलेला पट्टा होता (नाडीचे ठोके आणि कातडीवरचा घाम मोजणारं यंत्र), त्यानंच ती नोंदवली.

मी शर्वरी मेस्त्री, इयत्ता सहावी, मिरज. आमचा धंदा पेट्यांचा, म्हणजे हार्मोनियमचा. हल्ली रस्त्यावर ड्रायव्हरशिवाय रिक्षा धावतात, पण चांगली पेटी अजून माणसाच्या हातानंच होते. आणि बाबांसारखा हात मिरजेत दुसऱ्या कुणाचा नाही, हे मी लेक म्हणून सांगत नाही, गिऱ्हाईकं सांगतात. मधली तीन वर्षं मात्र तो हात वाईट कापायचा. संध्याकाळी पॉलिशचं काम काढलं की बाबा कारखान्याचं दार आतून लावून घ्यायचे. पॉलिशच्या डब्यामागं बाटली असायची. मला माहीत होतं. आईलाही माहीत होतं. आम्ही एकमेकींना सांगत नव्हतो, एवढंच.

मग एका शनिवारी बाबा स्वतःहून म्हणाले, "मला केंद्रात नेऊन सोडा." त्या दिवशी मी खूप रडले आणि मला खूप बरंही वाटलं. दोन्ही एकदम कसं होतं ते मला विचारू नका.

बाबा परत येणार म्हणून आई आणि मी चार दिवस राबलो. कारखाना झाडला, पटाशा (लाकूड कोरायची हत्यारं) धुवून पुसून ओळीनं लावल्या, बाबांचं कामाचं स्टूल जुन्याच खिडकीखाली ठेवलं. सगळं अगदी होतं तसं. आणि त्या दिवशी दुपारी मला एक भारी कल्पना सुचली. बाबा करायचे तसा मी चपडा (लाखेचे पातळ पापुद्रे) स्पिरिटमध्ये विरघळवला, कापसाची पोटली केली आणि एका पेटीच्या झाकणाला पॉलिशचा पहिला हात मारला. म्हटलं, हा वास आला की बाबांना खरं घरी आल्यासारखं वाटेल.

बाबा आले, कारखान्यात शिरले, आणि पुढचं कोड्यात सांगितलंच आहे.

तासाभरानं आई त्यांना घेऊन आली. ते तळ्याच्या काठावर बसले होते. तिथूनच त्यांनी पट्ट्याचं बटण दाबून केंद्रातल्या समुपदेशक ताईंशी बोलून घेतलं होतं. प्यायले नव्हते. पण आत येताच माझ्याकडे न बघता आईला म्हणाले, "मी पुण्याला जातो. दादाच्या फर्निचरच्या कारखान्यात. इथं मला जमायचं नाही."

"म्हणजे? किती दिवस?" आईनं विचारलं.

"कायमचंच धर. महिन्यातून एकदा येत जाईन."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. ब्याण्णव दिवस मी भिंतीवर रेघा ओढल्या, त्या काय महिन्यातून एकदा बघायला? मी तरातरा माडीवर गेले. जिन्याखालून मागोमाग घरघर ऐकू आली. सातू येत होता.

सातू म्हणजे केंद्रानं बाबांबरोबर पाठवलेला यंत्रमानव. पहिले तीन महिने तो घरीच राहणार होता. खरं नाव 'घरभेट यंत्र क्रमांक सात'. असलं नाव कोण घेणार, म्हणून मी आल्या आल्या त्याचा सातू केला. उंचीला गॅसच्या टाकीएवढा, पायऱ्या चढायला चार आखूड पाय, आणि मराठी अशी की आमच्या मराठीच्या बाईंनी उठून नमस्कार करावा.

"शर्वरीताई, आपण क्रोधित आहात काय?"

"क्रोधित नाही, भडकलेय! तुमचं औषध फुसकं निघालं. ब्याण्णव दिवस काय झोपा काढत होतात?"

"औषध फुसके नाही," सातू शांतपणे म्हणाला. "आपल्या वडिलांना महिन्यातून एकदा इंजेक्शन मिळते. दारू प्यायल्यावर मेंदूला जो आनंद होतो, तो त्यामुळे फिका पडतो. ओढही कमी होते. कमी होते, नाहीशी होत नाही."

"पण दारू नव्हतीच ना घरात! मग ओढ आली कुठून? त्यांना आम्ही आवडतच नाही, दुसरं काय!"

सातू माझ्यासमोर येऊन थांबला. मग म्हणाला, "एक प्रयोग करू या. डोळे मिटा. हिरवीगार कैरी आहे. आपल्या आई ती विळीवर चिरत आहेत. कच्च कच्च आवाज येतो आहे. एक फोड आपल्या हातात आहे. वर तिखट आणि मीठ. आपण ती जिभेवर..."

"ए, गप ना!"

"काय झाले?"

"तोंडाला पाणी सुटलं."

"कैरी कोठे आहे?"

मी डोळे उघडले. कैरी कुठली असायला, डिसेंबर चालू होता.

"आता तोंडाला पाणी सुटू देऊ नका. मी पुन्हा सांगतो. कैरी, तिखट, मीठ."

मी दात आवळले, मूठ आवळली, पाढे म्हटले. पाणी सुटायचं ते सुटलंच.

"आपण हट्टी आहात, तरी जमले नाही," सातू म्हणाला. "आता ऐका. एखादी गोष्ट आवडली की मेंदूत डोपामिन सुटते (हे महत्त्वाचं आहे, लक्षात ठेव, पुन्हा कर, असा निरोप पोचवणारं रसायन). जेवताना सुटते, खेळताना सुटते, आई जवळ घेते तेव्हाही सुटते. दारूमुळे ते नेहमीपेक्षा फार जास्त सुटते. मग मेंदू नुसती दारू लक्षात ठेवत नाही. त्या वेळी आजूबाजूला जे जे होते, ते सगळे लक्षात ठेवतो. जागा, वेळ, आवाज, वास. या झाल्या खुणा. पुढे नुसती खूण भेटली तरी मेंदू म्हणतो, आली बरं का! आणि ओढ सुरू होते. तिलाच तल्लफ म्हणतात. ती ठरवून येत नाही. आपल्या तोंडाला आत्ता सुटले ना पाणी, अगदी तशीच."

"मग माणसानं करायचं काय? नुसतं बसून राहायचं?"

"ओढ वाढते, एका टोकाला पोचते आणि मग ओसरते. बऱ्याचदा अर्ध्या तासाच्या आत. तेवढा वेळ तिला दारू मिळाली नाही आणि जवळ कोणी असले, तर माणूस पार होतो. कपाळामागचा मेंदूचा भाग थांबवण्याचे काम करतो. दारूने तो दमलेला असतो. दर वेळी पार झाल्यावर त्याला थोडे थोडे बळ येते."

मी ऐकत होते, पण माझं मन वासावर अडकलं होतं. स्टूल जुनं. खिडकी जुनी. संध्याकाळची वेळ जुनी. आणि पॉलिश.

"सातू," मी विचारलं, "स्पिरिट आणि दारू... वास सारखाच असतो का रे?"

"दोन्हींत अल्कोहोल असते. पॉलिशच्या स्पिरिटमध्ये वर विषही मिसळलेले असते. परंतु नाकाला ती भावंडेच."

म्हणजे बाबांना मीच पळवलं होतं! चार दिवस घासून पुसून, हौसेनं. मी खाली फरशीवर बसून भोकाड पसरलं. सातूनं आपला गार हात माझ्या डोक्यावर ठेवला. वजनाचा अंदाज त्याला नव्हता, मान दुखली, पण मी काढ म्हटलं नाही.

"चूक आपली एकटीची नाही," तो म्हणाला. "केंद्रात आम्ही खुणांची यादी केली होती. दारूचे दुकान, पिणारे मित्र, लग्नाची वरात. पेटीला पॉलिश कशाचे करतात, हे आम्ही विचारलेच नाही. आम्हाला ठाऊक असायला हवे होते. मी आत्ताच केंद्राला कळवले आहे."

"मग बाबांनी सांगितलं का नाही?"

"ते मला माहीत नाही. ते त्यांनाच विचारा."

बाबा मागच्या पायरीवर बसले होते. शेजारी पिशवी भरून तयार. मी जाऊन समोर उभी राहिले आणि एका दमात बोलून टाकलं, "पॉलिश मी केलं होतं, मला माहीत नव्हतं, माझं चुकलं, तुम्ही जाऊ नका."

बाबांनी मान वर केली. डोळे लाल झाले होते.

"तुला कुणी सांगितलं पॉलिशचं?"

"मीच ओळखलं. तुम्ही का नाही सांगितलं?"

"कसं सांगू, शरू?" त्यांचा आवाज फुटला. "आत पाय टाकला, ते लखलखीत झाकण बघितलं. लेकीनं बापासाठी पॉलिश मारून ठेवलंय. आणि बापाला काय आठवतंय, तर डब्यामागची बाटली! मला माझीच किळस आली. म्हटलं, हिला कुठल्या तोंडानं सांगायचं? त्यापेक्षा लांब जावं."

"लांब गेल्यावर मला काय वाटेल?"

ते पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिले.

"तोंडाला पाणी सुटलं म्हणून कुणी स्वतःची किळस करतं का?" मी म्हटलं. मग त्यांना कैरीचा प्रयोग सांगावा लागला, कारण नुसत्या वाक्यावरून त्यांना काहीच कळलं नव्हतं. ऐकता ऐकता त्यांच्या ओठांवर जरासं हसू आलं.

आई मागं कधी येऊन उभी राहिली कळलं नाही. ती म्हणाली, "पॉलिशच नको असेल तर दुसरं काही लावता येत नाही का लाकडाला?"

"मेण आणि जवसाचं तेल लावतात. पण चपड्याची चकाकी येत नाही. गिऱ्हाईकं नाकं मुरडतील."

"मुरडू देत," आई म्हणाली. "नाकं त्यांची, नवरा माझा."

बाबा खरंच हसले. शेवटी ठरलं की एक महिना बघायचं. ज्याला चपडाच हवा त्याचं झाकण गावातल्या दुसऱ्या कारागिराकडं पाठवायचं. महिन्यानंही जमलं नाही, तर पुणे.

दुसऱ्या दिवशी आम्ही कारखाना पार उलटापालटा केला. डबे गेले. स्टूल पूर्वेच्या खिडकीत आलं. भिंतींना पिवळा रंग दिला, तो सातूच्या डोक्यावरही सांडला. काम सकाळचं ठेवलं आणि संध्याकाळी बाबा मला पेटी शिकवायला लागले. मी इतकी बेसूर वाजवते की शेजारच्या काकूंनी खिडकी लावून घेतली.

"आता जुन्या खुणा पुसल्या ना?" मी सातूला विचारलं.

"नाही. जुने शिकलेले मेंदू सहसा पुसत नाही. त्याच्या शेजारी नवे शिकतो. नवे वारंवार वापरले की तेच आधी आठवू लागते. याला वेळ लागतो. मध्ये कधी कोणी पुन्हा घसरतोही. दम्याचा आजार बरा वाटता वाटता उलटतो, तेव्हा आपण रुग्णाला रागावत नाही, औषध बदलून पाहतो. येथेही तसेच. कोणाला कोणते औषध लागू पडेल हे आधीच ओळखता यावे, म्हणून जगभर शास्त्रज्ञ खटपट करत आहेत."

"तुम्हाला अजून सगळं कळलेलं नाही तर!"

"नाही. आपण मोठ्या झाल्यावर मदतीला या."

मी विचार करते म्हटलं.

महिना संपायला चार दिवस होते. पुण्याच्या काकांचे रोज निरोप येत होते, जागा रिकामी आहे, सोमवारी हजर हो. बाबा हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते. मला जेवण जात नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी आई बाजारात गेली होती. मी कारखान्यात बसून भूगोलाचा नकाशा रंगवत होते. एक गिऱ्हाईक पेटी दुरुस्तीला ठेवून गेलं. बाबांनी फडकं सोडलं आणि भपकन वास आला. पेटी ताज्या पॉलिशची होती.

बाबांचा हात थांबला. चेहरा पुन्हा तसाच, पांढरा. मनगटावरचा पट्टा थरथरला. सातू वळला, पण जागचा हलला नाही. दार उघडं होतं. मी हातातला रंग खाली ठेवला.

बाबांनी पेटीवर फडकं टाकलं, ती उचलून बाहेर ओट्यावर ठेवली. मग आत आले आणि माझ्यासमोर खाली बसले.

"शरू," ते म्हणाले, "ओढ आलीये. लई जोरात. बसतीस का जरा माझ्याजवळ?"

आजपर्यंत बाबांनी हे कधीच कुणाला म्हटलं नव्हतं. तीन वर्षं ओढ आली की ते दार लावून घ्यायचे.

मी नकाशा सोडून त्यांना चिकटून बसले. काय बोलायचं ते सुचेना. शेवटी भूगोलाचंच पुस्तक वाचायला घेतलं. कोयना कुठं उगम पावते, वारणा कुठं मिळते. बाबांचा तळवा घामानं ओला होता, तो मी धरून ठेवला. कृष्णेच्या उपनद्या संपल्या, मग भीमेच्या घेतल्या. मध्येच बाबांचा फोन वाजला. पुण्याचे काका होते.

"नाही, दादा," बाबा म्हणाले. "सोमवारी नाही आणि नंतरही नाही. जागा दुसऱ्या कुणाला दे. हो, जमतंय इथं. एकट्याला नाही जमत, पण सगळ्यांत मिळून जमतंय."

त्यांनी फोन ठेवला. मी पुढची नदी शोधत राहिले, कारण अक्षरं डोळ्यांपुढं पुसट झाली होती आणि ते बाबांना दिसू द्यायचं नव्हतं. बऱ्याच वेळानं मी हळूच विचारलं, "बाबा, गेली का ओढ?"

"मघाशीच गेली," बाबा म्हणाले. "पण तू बस."

मी बसले.