कोच हार्टविगनी काढून घेतलेलं हेल्मेट

रविवार, दुपारचे सव्वातीन. न्युरेम्बर्गमधल्या एका क्लबचं मैदान. सामना चालू असताना म्हातारे कोच हार्टविग ओरडत मैदानात धावले आणि कोसळले.

ॲम्ब्युलन्स आली तेव्हा सगळं संपलं होतं.

यातलं काहीही रचलेलं नाही. ते का धावले, हे मात्र फक्त शिरीषला, एका खेळाडूच्या बापाला, माहीत आहे.

जर्मनीत अमेरिकन फुटबॉल खेळून पोट भरणाऱ्या पहिल्या काही जणांतले हार्टविग. लहानपणी छावणीतल्या अमेरिकन सैनिकांकडून खेळ शिकले. तेव्हा डोकं पुढे घालून धडक मारायला शिकवत. उतारवयात त्यांना कधीकधी बायकोचं नाव आठवायचं नाही.

म्हणूनच कोच झाल्यावर त्यांचा एक नियम होता. डोक्याला मार बसलेल्या पोराचं हेल्मेट ते आपल्या कपाटात कुलूपबंद करायचे. डॉक्टरांनी परवानगी दिल्याशिवाय परत नाही.

त्या गुरुवारी सरावात शिरीषच्या मुलाला, वेदांतला, मार बसला. हेल्मेट कपाटात गेलं.

रविवारच्या सामन्यातून राज्याच्या संघासाठी निवड होणार होती.

"बाबा, जरा गरगरलं फक्त. मी ओके आहे."

"आईला काही बोलू नकोस. मी बघतो."

क्लबची कामं पालक आळीपाळीनं करतात. त्या महिन्यात किल्ल्या शिरीषकडे होत्या.

त्यानं हेल्मेट काढलं. रविवारी वेदांत मैदानात उतरला. हार्टविगनी त्याला पाहिलं... आणि धावले.

अंत्यविधीनंतर घरातून हेल्मेट नाहीसं झालं.

"शिरीष, बाल्कनीतलं ते घाणेरडं हेल्मेट टाकलंस का?" त्याच्या बायकोनं, नीतानं विचारलं. "टाकलं असशील तर पेढे वाटते."

त्यानं टाकलं नव्हतं.

क्लबवर जाऊन पाहिलं, तर ते हार्टविगच्या कपाटात होतं. कुलूप जसंच्या तसं.

त्यानं ते परत आणलं, गाडीच्या डिकीत ठेवलं.

सकाळी डिकी रिकामी.

हेल्मेट पुन्हा कपाटात. आतली गादी ओली... ताज्या घामानं.

तेवढ्यात नवा कोच येन्स दारात आला.

"वेदांत बरा आहे ना? निवड समिती पुन्हा बघायला येतेय, येत्या रविवारी."

"हो, हो. एकदम फिट," शिरीष म्हणाला.

शब्द तोंडातून बाहेर पडले आणि...

शिट्टी वाजली.

आखूड, कडक. हार्टविग खेळ थांबवायला वाजवायचे तशी.

खिडकीबाहेर मैदान रिकामं होतं. येन्स शांतपणे बुटाची नाडी बांधत होता. त्याला काहीच ऐकू आलं नव्हतं.

शिरीषनं ते हेल्मेट तिथेच सोडलं. नवीन मागवलं.

पार्सल काल दुपारी आलं. चिकटपट्टी शाबूत. खोका हातात चांगलाच जड लागत होता. शिरीषनं तो किचनच्या टेबलावर उघडला.

आत काहीच नव्हतं.

वेदांत फ्रिजपाशी उभा होता. त्यानं खोक्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"बाबा, आज आजीचा फोन येणार होता ना?"

आजीचा फोन नुकताच येऊन गेला होता. बोलला वेदांतच होता... हसून, बराच वेळ.

"येईल," शिरीष म्हणाला.

पुन्हा शिट्टी. या वेळी घरात.

न्यूरोलॉजिस्टच्या भेटीचा टर्मिन मंगळवारचा मिळालाय. सामना त्याआधी, रविवारी. येन्सनं क्लबचं जादा हेल्मेट द्यायचं कबूल केलंय.

नीताला शिरीषनं अजून काहीही सांगितलेलं नाही.