करवंटीची हाक

“बोलावू नकात. जितक्या बोलावशात तितको तो पळतलो.”

मी थांबले. थांबावंच लागलं म्हणा ना — पदर करवंदीच्या जाळीत अडकला होता, एक वहाण चिखलात राहिली होती, आणि आमचा कुत्रा खंडू किल्ल्याच्या तटावर उभा राहून ‘आता काय करशील?’ असं बघत होता.

“तुमका कोणी विचारला काय?” मी वळूनही न बघता म्हटलं. माझं नाक तेव्हा फार वर असायचं.

मागे कुणीतरी हसलं. डोक्यावर पोत्याची खोळ घेतलेला एक तरुण माझ्या बाजूनं पुढे गेला, खंडूकडे चक्क पाठ केली आणि समुद्राकडे तोंड करून ओल्या दगडावर बसला. भली मोठी जांभई दिली. खिशातून भाजलेल्या सुक्या बांगड्याचा तुकडा काढून हळूच मागे टाकला… आणि गप्प. मी मनात म्हटलं, येडाच दिसतोय!

पण खंडू खाली उतरला. कान पाडून, अंग चोरून, एकेक पाऊल… त्यानं तुकडा उचलला. आणि पळाला नाही!

“हाक मारल्यार कोणतरी मारता काय तेका?” त्या माणसानं विचारलं.

मारायचा. दादा मारायचा.

बासष्ट सालचा श्रावण होता तो. खंडू आईचा कुत्रा. आईच्या आजारपणात माझी लग्नाची वर्षं निघून गेली, आणि ती गेल्यावर मी विजयदुर्गात थोरल्या भावाच्या, जयरामदादाच्या घरी खंडूला घेऊन राहायला आले. दादा शाळामास्तर. विमलावहिनी मनानं वाईट नव्हे. पण त्या घरात माझं नाव फक्त कामाला निघायचं. “सुगंधा, पाणी!” “सुगंधा, भात उतू गेलो!” दिवसभर नावाचा नुसता गजर, आणि ‘जेवलीस काय गो?’ एवढं विचारणारं कुणी नाही. तिन्हीसांजेला मागीलदारी बसून मी खंडूशी बोलायचे. आईची आठवण असलेला माझ्याशिवाय तोच एक जीव उरला होता.

आणि आता तोही जाणार होता. दादावर गुरगुरला म्हणून दादानं सांगून टाकलं होतं, “नारळी पुनव झाली की एसटीत घालून तळेऱ्याच्या तिठ्यार सोडून येतलंय. कुत्र्याची शेपटी नळीत घातली तरी वाकडी ती वाकडीच!”

हे सगळं मी त्या परक्या माणसाला तिथंच, भर पावसात सांगून बसले. का, कोण जाणे! विश्राम त्याचं नाव. शेजारच्या भिकाजीकाकांचा भाचा. सर्कशीत कुत्र्यांचे खेळ करायचा. पावसाळ्यात सर्कशीचा तंबू उतरला की मामाकडे यायचा, आणि बोटी सुरू झाल्या की पहिल्या आगबोटीनं मुंबईला परत.

“गुरगुरता म्हणजे तो सांगता, ‘माका भय वाटता, लांब ऱ्हव,’” तो म्हणाला. “सांगणा बंद केलात तर न सांगता चावतलो. सांगांदे तेका. आपण तेचा भय कमी करूया.”

“आणि हाक मारल्यार पळता ता?”

“खंडू ह्या नाव नासला. त्या नावामागसून मार येता. तेका नवी हाक व्हयी… जिच्यामागसून वायट कधीच इला नाय, अशी.”

दुसऱ्या दिवशी तो नारळाच्या करवंट्यांच्या दोन जोड्या घासून घेऊन आला; एक मला दिली. आमच्या मागीलदारच्या दगडी गडग्यापाशी उभा राहून त्यानं आपली जोडी वाजवली — टकटक! आणि लगेच बांगड्याचा तुकडा. टकटक, तुकडा. टकटक, तुकडा. मग थोडं लांबून. मग माडाच्या आडून. खंडूची शेपटी आधी पायांत असायची, ती हळूहळू बाहेर आली, आणि एक दिवस सबंध कंबरेसकट हलायला लागली. मी टाळ्याच पिटल्या!

“सर्कशीत चाबूक वाजता मां?” मी एकदा मुद्दाम खोचून विचारलं.

“वाजता की. लोकांसाठी. कुत्रे माझ्या खिशाकडे बघतत.”

असा बोलायचा. हसायचा डोळ्यांनी. आणि मी त्याच्याकडे बघतेय हे त्याला कळलं की लगेच… समुद्राकडे बघायचा.

एकदा गंमत म्हणून मी हातात काही नसताना करवंट्या वाजवल्या. खंडू धावत आला, माझी रिकामी मूठ हुंगून माघारी गेला. विश्राम माझ्यावर रागावला, पहिल्यांदाच. “रिकामी हाक मारू नकात. हाक म्हणजे शब्द दिलो. दोनदा फसवलात तर तिसऱ्यान कोण येतलो?”

“इतक्या कुत्र्याचा कळता… माणसांचा कळता काय?” मी फणकारले.

तेवढ्यात घरातून वहिनी ओरडली, “सुगंधाऽऽ!” मी दचकून उठले. तो माझ्याकडे बघतच राहिला.

“माणसांचाय कळता,” तो हळू आवाजात म्हणाला. “तुमका हाक मारली की तुमचे खांदे वर जातत. खंडूचे कान पडतत, तसेच.”

मेल्याला काय गरज होती ते बघायची? त्या दिवशी चुलीपुढे बसून मी रडले. धुराचं निमित्त होतंच. आई गेल्यापासून माझ्याकडे इतकं नीट कुणी बघितलंच नव्हतं. मग आठवलं — त्यानं मला आजवर नावानं हाक मारलेलीच नव्हती.

पुढे जे झालं ते सांगायचीसुद्धा लाज वाटते. एका दुपारी मी भाकऱ्या थापत होते. गडग्यापलीकडे टकटक वाजलं, आणि मी पिठाच्या हातांनी, पदर सावरत, धावत मागीलदारी गेले. खंडूच्याही आधी!

विश्राम गडग्यावर कोपर टेकून उभा. आधी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हातांकडे. “मी खंडूक बोलवलंय. तुम्ही कित्याक इलात?”

“मी… मी काय कुत्रां वाटलंय तुमका?” माझ्या नाकाला मिरच्याच झोंबल्या. “तुकडे टाकून माणसा माणसाळवता काय हो?”

तो नुसता हसला असता तर बरं होतं. पण त्याचा चेहरा उतरला. “माका बोलवणारा तरी कोण आसा?” तो म्हणाला. “सर्कशीत सगळे ‘ए कुत्रेवाला’ म्हणतत. हंय वाजवलंय की कोणतरी धावत येता… बरा वाटला. म्हणान खंडू नसलो तरी वाजवतंय कधी कधी.”

मी आत निघून गेले. दार जोरात लावलं. आणि दारामागे उभी राहून पुन्हा टकटक वाजतं का, ते ऐकत राहिले. नाही वाजलं.

नारळी पौर्णिमा झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा काठी आणि दोरी घेऊन अंगणात आला. “खंडू! हडे ये!” खंडू कलमांच्या बागेत पसार. दादा मागे धावला, घसरला, आणखीच तापला. मी फळीवरच्या करवंट्या घेतल्या.

टकटक.

खंडू आला. दादाच्या काठीच्या बाजूनं, कान पाडून, थबकत… तरी आला, आणि माझ्या पायाशी बसला. मी तुकडा दिला. दादा काठी घेऊन तसाच उभा.

“काठी खाली ठेव, दादा,” मी म्हटलं. दादापुढे असा आवाज मी जन्मात काढला नव्हता. “तो तुका भिता. बाकी तेच्यात काय खोट नाय.”

“ऱ्हवांदे तो, हो,” वहिनी ओटीवरून म्हणाली. “आवशीचो कुत्रो.” दादानं काठी भिंतीला टेकवली आणि शाळेत गेला. खंडू राहिला.

ज्यानं राखला, तो मात्र चालला होता. बोटी सुरू झाल्या तशी विश्राम निघायच्या आदल्या संध्याकाळी गडग्याशी आला. “येतंय,” म्हणाला. मी “बरां” म्हटलं. बस्स, एवढंच! जळलं मेलं माझं नाक!

सकाळी आगबोटीचा भोंगा वाजला तेव्हा मी भाताला आधण ठेवून तांदूळ वैरत होते. फळीवर करवंट्या दिसल्या. आता गडग्यापलीकडून काही वाजणार नव्हतं. पुन्हा मी, ही चूल, आणि दिवसभर ते नाव… मी करवंट्या उचलल्या आणि भात चुलीवर टाकून सुटले. खंडू पुढे, मी मागे.

धक्क्यावर पोचले तर माणसं बोटीवर नेणारा पडाव नुकताच सुटला होता. विश्राम आपल्या ट्रंकेवर बसला होता, किनाऱ्याकडे पाठ करून, समुद्राकडे तोंड करून. ज्याला यायचंय त्यानं आपणहून यावं, ही त्याची रीतच.

खंडू मासळीच्या टोपल्यांत घुसला होता. मी करवंट्या वाजवल्या. टकटक! टकटक!

दोघंही आले. खंडू टोपल्यांतून, आणि विश्राम… धप्पकन पाण्यात! कंबरभर पाण्यातून तो चालत आला. पडावातली माणसं ओरडत होती, “अरे, तुझी ट्रंक!”

“जांवदे मुंबयक!” तो ओरडला.

कनवटीला एकच तुकडा होता, तो खंडूला गेला. विश्राम निथळत समोर उभा राहिला. माझी मूठ उघडी, रिकामी.

“इलंय,” तो धापा टाकत म्हणाला. “रिकामी हाक नाय मां?”

“नाय.” मी सगळ्या धक्क्यादेखत सांगितलं. “माका तू व्हयो. हंय ऱ्हव, नायतर तुझ्या वांगडा घेवन जा… पण माका एकटी सोडून जाव नको.”

त्यानं तोंडावरचं पाणी पुसलं. मग म्हणाला, “पयला तुझ्या दादाकडे जावया. तेच्याकडे पाठ करून बसतंय, आणि एक जांभय देतंय.”

मी रडता रडता हसले. तेवढ्यात वरच्या वाटेवरून वहिनीचा आवाज आला, “सुगंधाऽऽ! भात करपलो गोऽऽ!” आणि माझे खांदे… गेलेच वर.

विश्रामनं ते बघितलं. जवळ आला. अगदी हळू, पहिल्यांदाच म्हणाला,

“सुगंधा.”

आणि ओल्या खिशात हात घालून बांगड्याचा एक तुकडा काढला, माझ्या हातावर ठेवला. मी, शाळामास्तराची बहीण, चार लोकांदेखत धक्क्यावर उभी राहून तो खाल्ला. खारट लागला.

“परत हाक मार,” मी म्हटलं.