हिरव्या कव्हरातला फोन

"खोटारडी म्हणाले तिला! माझ्या बहिणीला!" दंतवैद्याने टेबलावर मूठ आपटली आणि माईंचा चहा बशीत सांडला.

माई खाजगी तपासनीस. चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत त्यांचं ऑफिस. त्यांचा मदतनीस पैलवान नावालाच पैलवान, अंगाने काडी, पण डोकं तापायला त्याला काडीही लागत नसे. चहा पुसता पुसता त्याचंही पित्त खवळलं.

हकिगत अशी होती. दंतवैद्याची धाकटी बहीण प्रयोगशाळेत पाणी तपासायची. परदेशातल्या एका नदीत कारखाने काय ओततात, ते नदीकाठच्या लोकांनी तिला लपूनछपून कळवलं होतं. त्याच देशातून परिषदेचं बोलावणं आलं. आपल्या सरकारचा प्रवासाबद्दलचा इशारा तिने अक्षरन् अक्षर वाचला. जायला हरकत नाही, पण तिथले अधिकारी कायद्यानेच फोन उघडायला लावू शकतात. नकार दिला किंवा खोटं सांगितलं तर सरळ कोठडी. तिने साधकबाधक विचार केला आणि आपला फोन घरी ठेवायचं ठरवलं. दादाकडे त्याच बनावटीचा जुना फोन होता, तो त्याने साफ पुसून दिला. तिचा फोन हिरव्या कव्हरात, रिकामा करड्या कव्हरात.

"तरी सगळं सापडलं," दंतवैद्य म्हणाला. "ती म्हणाली फोन रिकामा आहे. कोड दिला, तर तो लागेना. मग अधिकाऱ्याने फोन तिच्या तोंडासमोर धरला आणि तो उघडला! नदीचे फोटो, त्या लोकांचे निरोप, सगळं. उद्या सकाळी सुनावणी आहे. खोटं बोलली असं ठरलं, तर कित्येक वर्षं आत."

"हे कोणी कळवलं?" माईंनी विचारलं.

"तिथल्या वकीलबाईंनी. विमानतळावर अडवलं, फोन उघडला, आता पोलीस कोठडीत आहे, एवढंच त्यांना ठाऊक. बहिणीने त्यांना माझा नंबर दिला."

"नवऱ्याचा नाही?"

"पाठ नसेल," दंतवैद्य नजर चुकवत म्हणाला.

"रिकामा फोन तोंड दाखवून उघडायची सोय केली होती?"

"मुळीच नाही. फक्त कोड. मीच घातला, तिच्यासमोर."

"वाटेत तिने तो उघडून पाहिला नाही?"

"सीमा ओलांडेपर्यंत बॅगेतून काढायचाच नाही, हे तिनेच ठरवलं होतं. बॅग भरून सोफ्यावर होती. तिचे साहेब निरोप द्यायला आले, माझ्यासमोर बाहेरच्या खोलीत चहा घेऊन गेले. विमानतळावर सोडायला नवरा गेला."

प्रयोगशाळेत साहेब खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत.

"परिषदेला खरं तर मी जाणार होतो," ते म्हणाले. "आयोजकांना तीच हवी होती. म्हटलं, जा बाई. आता प्रयोगशाळेचं नाव मातीत!"

"तिच्या बॅगेला हात लावलात?"

"मी काय हमाल आहे? बाहेरच्या खोलीत चहा घेतला आणि निघालो."

जिना उतरताना पैलवान दात-ओठ खात होता. "हाच तो, माई! पोरगी कोठडीत आणि ह्याला नावाची पडलीय!"

"माणूस हलकट आहे," माई म्हणाल्या. "पण हलकटपणा हा पुरावा नव्हे."

नवरा बँकेत अधिकारी. घर टापटीप, डोळे लाल. त्याला पाहून पैलवानाचा राग जरा निवळला.

"मी बजावलं होतं, जाऊ नकोस," तो म्हणाला. "सरकार उगाच इशारे देतं का? बिचारीला विमानतळावर सामानाच्या फिरत्या पट्ट्यांमागच्या खोलीत किती वेळ बसवून ठेवलं! इथे माझा जीव टांगणीला लागला होता."

पैलवानाने त्याला पाणी आणून दिलं.

"तिचा फोन कुठे आहे?" माईंनी विचारलं.

त्याने झोपायच्या खोलीतलं कपाट उघडलं. हिरवं कव्हर. "मी हातही लावला नाही. दुसऱ्याचा फोन बघायची मला सवय नाही."

"असू दे तिथेच. संध्याकाळी दादांना घेऊन येते."

संध्याकाळी चौघं त्याच खोलीत बसले. माईंनी फोन मागवला आणि त्याला चार्जर लावला.

"पैलवान, तोंड ओळखून उघडणाऱ्या फोनला आधी ते तोंड दाखवावं लागतं. पुसलेल्या फोनला कोणाचंच तोंड ठाऊक नसतं. मग अधिकाऱ्याने धरला तो फोन कोणता?"

पैलवानाने डोकं खाजवलं. "तिचाच? पण तो तर हा इथे..."

"इथे फक्त कव्हर आहे. दादा, तुम्ही घातलेला कोड टाका."

दंतवैद्याने कोड टाकला. फोन पटकन उघडला. एक फोटो नाही, एक निरोप नाही.

"रिकामा!" तो ओरडला. "म्हणजे ती खरंच बोलली! कोडही बरोबर होता!"

"कव्हरांची अदलाबदल झाली. हिरवं कव्हर ह्या कपाटात होतं आणि साहेब बाहेरच्या खोलीतून आत आले नाहीत." माई नवऱ्याकडे वळल्या. "पट्ट्यांमागची ती खोली तुम्हाला कशी कळली? वकीलबाईंना ती ठाऊक नाही. दादांनाही नाही."

"अंदाजाने म्हणालो..."

"अंदाज कसला? तिचा फोन कुठे आहे ते तुमच्या फोनवर दिसतं. ती तिथे उतरली आणि तुमच्या नकाशावर ठिपका उमटला, त्या खोलीत अडकून राहिला. रिकामा फोन गेला असता तर तुम्हाला काही दिसलं नसतं. म्हणून तुम्ही तो जाऊ दिला नाही."

नवऱ्याचा चेहरा उतरला आणि लगेच तांबडा झाला. "नवरा आहे मी तिचा! कुठे जाते, कोणाबरोबर बसते, मला कळायला नको? उतरल्यावर तिने फोन उघडला असता, चिडली असती, विसरली असती. काळजीपोटी केलं मी!"

"काळजी?" पैलवान ताडकन उठला. आपण ह्या माणसाला पाणी पाजलं, ह्याचीच त्याला चीड आली. "बायको कोठडीत सडतेय, तुला सगळं ठाऊक होतं, आणि तू तोंड शिवून बसलास?"

"बस खाली," माई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "तिथला अधिकारी निदान समोर उभा राहून फोन मागतो. त्याचा इशारा तरी सरकारने दिला होता. तुमचा इशारा तिला कोणी दिला? आता कॅमेऱ्यासमोर हेच सांगायचं. वकीलबाई वाट बघताहेत."

"बँकेत कळलं तर? लोक तोंडात शेण घालतील माझ्या!"

"घालू देत!" दंतवैद्य म्हणाला आणि त्याच्यासमोर कॅमेरा धरला.

दुसऱ्या दिवशी सगळे माईंच्या ऑफिसात बसले होते. नवराही न बोलावता येऊन दाराशी उभा राहिला. फोन वाजला. खोटं बोलल्याचा आरोप मागे घेतला होता आणि तिला परत पाठवत होते.

"दादा," पलीकडून तिचा बसलेला आवाज आला, "मी सुटले रे. पण नदीकाठच्या दोघांना उचललंय. माझ्या फोनमध्ये त्यांची नावं होती."

नवरा पुढे आला आणि त्याने फोनसाठी हात पसरला.

"तो इथेच आहे," दंतवैद्य म्हणाला. "बोलतेस?"

"नको. आणि दादा, मी कुठल्या विमानाने येतेय ते त्याला सांगू नकोस."

पसरलेला हात तसाच राहिला. पैलवानाने उठून दार उघडून धरलं.