गिळलेला शब्द

शस्त्रक्रियागृहातला शंकादीप पिवळा पेटला, तेव्हा भूलतज्ज्ञ डॉ. पिंटोंच्या हातात सुई होती. त्यांनी ती खाली ठेवली. दिवा विझेपर्यंत भूल द्यायची नाही, असा नियमच होता.

"कोणाला काही सांगायचंय?" शल्यविशारद मृदुला उपळेकरांनी विचारलं.

टेबलावर हौसाबाई तोडकर निमूट पडल्या होत्या. अडुसष्ट वर्षांच्या, आयुष्य यंत्रमागावर गेलेलं. त्यांचा डावा गुडघा बदलायचा होता.

"कृत्रिम सांध्याचं माप एकदा पडताळू या का?" सिस्टर लीना म्हणाल्या. पडताळलं. बरोबर निघालं. दिवा तसाच.

पिंटोंना शंका नव्हती, सहायकालाही नव्हती. कागद, गुडघ्यावरची खूण, सगळं जुळत होतं.

मृदुलाबाईंनी दिव्याचे निर्माते इरफान मुजावर यांना फोन लावला. "तुमचं यंत्र भीतीलाच शंका समजतंय."

"नाही मॅडम. भीतीची धडधड ते मोजतच नाही. माणूस बोलायला जातो, तेव्हा आवाजाआधी गळ्याचे स्नायू हलतात. ते हलले आणि शब्द आलाच नाही, की दिवा लागतो. गळा कोणाचा, ते मुद्दामच सांगत नाही."

"आम्ही चौघं आहोत. चौघांनाही विचारून झालं."

"माझ्या पडद्यावर तर पाच गळे दिसताहेत."

मृदुलाबाईंनी फोन ठेवला आणि हौसाबाईंच्या उशाशी जाऊन बसल्या.

"मावशी, काही बोलायचंय?"

"तसं काय न्हाई..." हौसाबाई अडखळल्या. "दुखतोय तो उजवा. मघाशी तुम्ही 'डावाच ना?' म्हणालासा, मी हो म्हटलं. म्हटलं, फोटोत काय दिसलं असंल. एवढी शिकलेली माणसं, त्यास्नी मी काय सांगायचं?"

क्ष-किरण चित्र संगणकात चढवताना डावं-उजवं उलटं झालं होतं. कागद आणि खूण, दोन्ही त्या एकाच चित्रावरून उतरलेली. म्हणूनच सगळं जुळत होतं.

मूळ फिल्म मागवून पाहिली. मृदुलाबाईंनी जुनी खूण स्पिरिटनं पुसली. पेन त्यांनी हौसाबाईंच्याच हाती दिलं. हौसाबाईंनी उठून उजव्या गुडघ्यावर ठसठशीत फुली मारली.

दिवा पिवळाच.

मृदुलाबाई हौसाबाईंकडे वाकल्या. "मावशी, अजून काही राहिलंय का? लाजू नका."

हौसाबाईंनी पदर नसलेला खांदा चाचपला. "बाई, हितं गारठा लई हाय."

लीनाताईंनी पांघरूण आणलं. ते अंगावर पडायच्या आधीच दिवा विझला होता.