तलावातलं गवत कोण खातंय?

"हा पण रिकामा!" दोरी ओढून बांबूचा सांगाडा तराफ्यावर घेत बबलू ओरडला.

त्याच्याच वर्गातल्या आकांक्षाने वाकून पाहिलं. सुतळीने बांधलेल्या रोपांची नुसती बुडखं उरली होती. तराफा वल्हवणाऱ्या केशरकाकूंनी तोंड फिरवलं.

दिवाळीच्या सुट्टीचा तिसरा दिवस. पण तळेवाडीच्या तलावावर सुट्टीसारखं काहीच वाटत नव्हतं. आठवडाभर आभाळ मळकट होतं आणि पाणीही तसंच.

पूर्वी या तलावाच्या तळाशी लांब फितींसारखं पाणगवत डुलायचं. ते हळूहळू संपलं. त्यात अंडी घालणारी मरळ गेली, झिंगे गेले आणि केशरकाकूंसारख्या मासे धरणाऱ्या बायका रिकाम्या पाट्या घेऊन घरी येऊ लागल्या. जालन्याच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या जुबेदा मॅडमनी मग एक वाट दाखवली. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर कोळी लोक समुद्रातलं गवत बांबूच्या चौकटींना बांधून पुन्हा लावतात, हे त्या बघून आल्या होत्या. "समुद्रात जमतं, तर तलावात का नाही?" त्या म्हणाल्या. बायकांनी कंबरभर पाण्यात उभं राहून चाळीस सांगाडे लावले. रोपं रुजलीही. आणि आता एकेक सांगाडा बोडका होत होता!

"म्हशींनीच खाल्लं!" मच्छीमार सोसायटीचे चेअरमन तातेराव यांनी ठरवून टाकलं आणि बदरोद्दीन यांच्या दोन म्हशींना तलावावर बंदी घातली.

हे बदरोद्दीन म्हणजे जुबेदा मॅडमचे भाऊ. मॅडमची मुलगी इरम जालन्यातल्या मस्तगडहून सुट्टीला या मामूंकडेच आली होती. तराफा काठाला लागला तेव्हा ती बांधावर उभी होती.

"हे सांगाडे परवाच पुन्हा लावले ना?" तिने विचारलं.

"परवाच," आकांक्षा म्हणाली.

"आणि मामूच्या म्हशी आठ दिवसांपासून दावणीला आहेत! मग गवत कुणी खाल्लं?"

बबलूने सांगाडा काठावर ठेवला.

"अजून एक," आकांक्षा हळूच म्हणाली. "म्हशी उतरायच्या त्या उथळ बाजूचे पाच सांगाडे हिरवेगार आहेत. खाल्लंय ते पलीकडचं, खोल पाण्यातलं!"

"चला, चेअरमनला सांगू!" बबलू उसळला.

तिघं सांगायला गेलीही. तातेराव फोनवर बोलत होते. फोन न ठेवताच त्यांनी हाताने "जा, जा" केलं.

"ऐकूनच घेत न्हाईत!" बबलूचा चेहरा पडला.

"मंग दाखवूच त्यांना," आकांक्षा म्हणाली.

काकूंकडून त्यांनी जुनं जाळं मागून घेतलं. दोन सांगाड्यांना ताजी रोपं बांधली. एकाला चहूबाजूंनी जाळं गुंडाळलं, दुसरा उघडा ठेवला आणि दोन्ही खोल पाण्यात सोडले. दोन दिवसांनी सकाळी पाहिलं, तर जाळ्यातली रोपं जशीच्या तशी होती. उघड्या सांगाड्यावर एक पान नव्हतं!

"म्हणजे खाणारा पाण्यातच आहे," इरम म्हणाली.

बबलूने बांधावरची मूठभर लसूणघासाचा चारा तोडला आणि पाण्यावर भिरकावला. बराच वेळ काही झालं नाही. मग एक काडी थरथरली आणि गडप झाली. मग दुसरी. पाण्याखाली करड्या रंगाच्या लांबट पाठी सरकताना दिसल्या. पाच... दहा... बबलूने मोजणं सोडून दिलं.

केशरकाकूंनी फेकजाळं टाकून एक मासा बाहेर काढला. त्यांनी तो उलटसुलट करून नीट पाहिला.

"हा गवत्या हाय. गवतावरच जगतो. ह्यो आपल्या तलावात कधीच नव्हता. कुणीतरी आणून सोडला."

"कुणी?"

"कोन कबूल करंल, बाई?"

आकांक्षाच्या डोळ्यांत चमक आली. "न विचारता कबूल करून घेऊ!"

संध्याकाळी बांधावर बायका जमल्या. जुबेदा मॅडमही जालन्याहून आल्या. मोठा मासा सापडल्याचं ऐकून तातेराव मोटारसायकलवरून आले. बबलू मासा दोन्ही हातांनी उचलून उभा होता.

"चेअरमनकाका, केवढा मासा! पुरात वाहून आला असंल, न्हाई का?"

"पुरात?" तातेराव हसले. "अरे, मी आणलाय तो! गेल्या पावसाळ्यात दोन हजार पिल्लं सोडली. बघ कसा वाढला! माझं डोकं आहे ते!"

"आणि हा खातो काय, काका?" इरमने विचारलं.

तातेराव माशाकडे बघू लागले. आकांक्षाने रिकामा सांगाडा त्यांच्या पायांशी ठेवला.

"एकदा विचारायचं तरी होतं," केशरकाकू म्हणाल्या. "दोन म्हैने पाण्यात उभ्या व्हतो आमी."

"मला... एवढं लक्षात आलं नाही," तातेराव पुटपुटले. "उद्यापासून जाळी लावून सगळे गवत्ये काढू. आणि बदरोद्दीनभाईंच्या म्हशी खुशाल येऊ द्या."

"म्हशी न्हाईत आता," मागून आवाज आला. बदरोद्दीन मामू कधी येऊन उभे राहिले, ते कुणाला कळलंच नव्हतं. "हापशाच्या पाण्यावर किती दिवस ठेवणार? काल बाजारात देऊन टाकल्या."

इरमला हे माहीतच नव्हतं. काल मामूंनी तिला मुद्दाम दिवसभर मामीच्या माहेरी पाठवलं होतं. तिने त्यांचा हात घट्ट धरला. तातेरावांनी मान खाली घातली.

"चूक झाली, भाई," ते कसंबसं म्हणाले.

मामूंनी वाकून रिकामा सांगाडा चाचपून पाहिला.

"मोठ्यांनी डोळे मिटून ठरवलं, पोरांनी उघड्या डोळ्यांनी पाहिलं," जुबेदा मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी तिघांच्या पाठीवरून हात फिरवला. "शाबास! पाच सांगाड्यांचं गवत उरलंय. त्यातूनच रोपं काढू. तीन-चार वर्षं लागतील."

"लागू द्या," केशरकाकू म्हणाल्या. "ह्या पोरांमुळं निदान दोष कुणाचा ते तरी कळलं."

मामूंनी इरमच्या डोक्यावर हात ठेवला. "बराबर केलंस, बेटी. आठ दिवस आधी कळलं असतं तर..."

त्यांनी चपला बांधावर काढल्या, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला आणि रिकामा सांगाडा उचलून ते पाण्यात उतरले.

"सुतळी आन् ते जुनं जाळं दे इकडं," ते म्हणाले. "उजेड हाय तोवर उथळातली रोपं घेऊन एवढा एक लावून टाकू."

तिघंही त्यांच्या मागोमाग गार पाण्यात उतरली.