तिसऱ्या हाकेला ओ

माझं काम ऐकण्याचं. रत्नागिरीच्या एका दवाखान्यात पेशंटच्या कानशिलावर जेल लावायचं आणि डॉपलरचा प्रोब टेकवायचा. मग मेंदूकडे जाणारं रक्त यंत्रातून ऐकू येतं. सूं... सूं... ओहोटीच्या लाटेसारखं. मेंदूला काम मिळालं की रक्त वाढतं, पडद्यावरचा आकडा चढतो. विसरण्याचा आजार फार पुढे गेला की हा आकडा जागचा हलत नाही.

त्या दिवशी भर दुपारी भागोजीकाका खुर्चीत बसले होते. भाट्याच्या किनाऱ्यावरचे जुने तांडेल, चाळीस वर्षं होडी हाकलेले. आठ महिने तोंडातून शब्द नव्हता. शेजारी बायको भागूबाई, दाराशी मोबाइल धरून उभा, मुंबईहून आलेला मुलगा केतन.

"मॅडम, आज आकडा हलला नाही तर सोमवारी बाबांना पनवेलच्या आश्रमात नेतोय," तो म्हणाला. "आईच्याने होत नाही आता."

"ते आत हायत," भागूबाई म्हणाल्या. "मला ठावं हाय."

मला त्यांची दया आली. आत कुणी उरलं असेल असं मलाही वाटत नव्हतं.

आमचा नियम असा, की नाव घेऊन एकदाच हाक मारायची आणि अर्धा मिनिट थांबायचं. मी हाक मारली. आकडा बत्तीसवरच. केतनने मान खाली घातली. मी प्रोब काढायला लागले.

"थांब गो बाय," भागूबाई म्हणाल्या. "एकदाच हाक मारलीस? पयल्या हाकेला ते ओ देनार कशे? दर्यावर पयली हाक मानसाची नसते. दुसरी पन नसते. तिसरीला ओ देतात."

मी सावर्ड्याची, डोंगराकडची. एवढी शिकून इतकं साधं विचारायचं सुचलं नाही, याची लाजच वाटली. "मग तुम्हीच मारा, मावशी."

त्या वाकल्या. "अवो... केतनचे बाबा..."

सूं... सूं... बत्तीस.

"अवो... केतनचे..." आवाज फाटला. त्यांनी पदर तोंडाला लावला. मी तिसऱ्या हाकेची वाट पाहत राहिले. बंद खोलीत ओल्या जाळ्याचा खारट वास आला... त्यांच्या लुगड्याचा असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

आणि यंत्राचा आवाज भरला. चौतीस... एकोणचाळीस... सेहेचाळीस. काकांनी डोळे उघडले आणि स्वच्छ म्हणाले, "ओऽ."

केतन हमसून हमसून रडला. त्याने तिथूनच फोन करून आश्रमाला नाही म्हणून कळवलं. अकरा वर्षांच्या नोकरीत मी पहिल्यांदा पेशंटसमोर टाळ्या वाजवल्या. डॉक्टरांनी नियमच बदलला. किनाऱ्यावरच्या पेशंटला आता तीन हाका मारतो, आणि जे हातचे गेले म्हणून लिहून ठेवलं होतं त्यातल्या सहा जणांचा आकडा हलला. आम्ही जिंकलो, आणि मी ते छाती पुढे काढून सांगते.

फक्त रिपोर्ट लिहिताना मी केतनने मोबाइलवर काढलेला व्हिडिओ चारदा पाहिला. त्यात भागूबाईंच्या हाका दोनच आहेत. काका ओ देतात तेव्हा त्यांच्या तोंडाला पदर आहे.

न राहवून मी त्यांना फोन केला आणि तिसरी हाक त्यांनी मारलीच नव्हती, हे सांगितलं. मागे काका जेवायला मागत होते.

"ते मला ठावं हाय, बाय," त्या हसून म्हणाल्या. "आता पन मी दोनदाच हाक मारते. तिसरी मला मारावी लागतच नाय. ती कोन मारतं, ते मी इचारत नाय."