कृमींचा कल

प्रयोगशाळेतल्या कृमींशी तिचं सहा वर्षांचं सख्य होतं. जेमतेम मिलिमीटरभर लांबीचे, पारदर्शक, एकूण तीनशेदोन चेतापेशींचे जीव. त्यांतल्या कोणत्या पेशीला भूक आधी कळते, एवढंच ती शोधत होती. त्यांना वाढवायच्या प्लेटींचा आंबूस वास तिला कधी बाधला नव्हता. पोटातल्या बाळाला सातवा महिना लागला आणि तोच वास घशाशी येऊ लागला. त्यात आणखी एक गोष्ट होती. कृमीची आई उपाशी राहिली की अंडी तिच्या पोटातच फुटतात आणि पिल्लं तिला आतून खाऊन बाहेर पडतात. हे तिनं शेकडो वेळा पाहून निवांतपणे वहीत उतरवलं होतं. आता सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा म्हटलं तरी शिसारी यायची.

सोमवारी तिला दिसलं, की प्लेटमधले सगळे कृमी तिच्या बाजूच्या काठाशी जमलेत. तिनं प्लेट फिरवली. अर्ध्या तासात ती वळवळती, पांढुरकी रास पुन्हा तिच्याच बाजूला. ती टेबलाच्या पलीकडे जाऊन बसली, तर तेही मागोमाग आले. तिच्या खुर्चीत दुसरं कोणी बसलं की मात्र प्लेटभर पांगायचे.

"दिव्याची ऊब असेल गं," प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या. "कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं, तशातली गत. रजा घे बरं तू."

"दिवा बदलला मॅडम, हातमोजे बदलले. माझ्याकडेच का येतात?"

मॅडमनी स्वतः प्लेट फिरवली. वाट पाहिली. मग उगाच चष्मा पुसत बसल्या.

"कृमीला कोणी लाडकं नसतं," त्या हळूच म्हणाल्या. "खायला असेल तिकडेच तो वळतो."

तिचा हात पोटावर गेला. त्या दुपारी तिनं सहा वर्षांच्या मेहनतीवर ब्लीच ओतलं. रास विरघळून चिकट, शेंबडासारखी झाली, तशी ती बेसिनवर वाकून भडाभडा ओकली. ओतताना मॅडमनी तिला अडवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी झाली. बाळ ठणठणीत होतं. तिला रडूच कोसळलं.

रविवारी सकाळी ती सोफ्यावर टेकली होती. नवरा डावीकडे येऊन बसला आणि पोटाला डाव्या बाजूनं उंचवटा आला. तो खिडकी उघडायला उजवीकडे गेला. उंचवटा सावकाश उजवीकडे सरकला.

"अगं, बघितलंस का?" तो हरखला. पुन्हा इकडून तिकडे गेला. "मी जातो तिकडे येतोय! बाबाला ओळखतो गुलाम!"

तिनं स्वतःचा हात ठेवून पाहिला. आत काहीच हललं नाही.

लांब हो, असं तिला ओरडायचं होतं.

तेवढ्यात तो गुडघे टेकून बसला आणि त्यानं उंचवट्यावर कान ठेवला. आतून कातडी त्याच्या कानाकडे ताणली गेली.

"काय... काय ऐकू येतंय?"

"श्शू, बोलू नकोस," तो हसत म्हणाला. "आत काहीतरी भराभर गिळतंय."